गामिनी, संजीवनी, अमर : व्हिडिओ गेमच्या खोलीतले वाचन

मराठीत नाटकाचाही खेळ होतो आणि कबड्डीचाही. कन्नडमधला 'आट' हा शब्द असाच दोन्हीकडे चालतो. गल्लीत मुले खेळतात तो आट, आणि रात्रभर रंगते ते यक्षगान हाही आटच. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' उभे केले, त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ तिथल्या दरबाराने पाहिले होते, हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात आपण वाचतो. या दोन भाषांत ये-जा करणाऱ्या माझ्यासारख्या अनुवादकाला 'खेळाची समीक्षा' हा शब्दप्रयोग म्हणूनच खटकत नाही. संहिता आहे, प्रयोग आहे, भोवती उभे राहून पाहणारे आहेत. प्रश्न एवढाच उरतो, की यातले नेमके काय तपासायचे.

'रेट्रो' या नावाखाली जुन्या व्हिडिओ गेमविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात दोन आवाज ठळक ऐकू येतात. एक निष्णात खेळाडूचा : एका नाण्यात कोण किती टप्पे पार करतो, कुठली चाल कुठे लपलेली आहे. दुसरा स्मरणरंजनाचा : बुडवलेली शाळा, घामेजलेल्या मुठीतले नाणे, पार्लरमधला अंधार. या दोघांच्या मधे जो उभा असतो, त्याचा आवाज मात्र येत नाही. तो जाता-येता आत शिरतो, तीन मिनिटांत हरतो आणि निघून जातो. गंमत अशी, की धंद्याच्या हिशेबाने यंत्र त्याच्यासाठीच घडवलेले होते. एका नाण्यावर तासभर खेळणारा पटाईत गडी मालकाला परवडत नसे. लवकर हरणारा, तरीही 'अजून एकदा' म्हणावेसे वाटणारा, हाच या संहितेचा अभिप्रेत वाचक. मी त्या वाचकांपैकी आहे, आणि त्याच जागेवरून लिहिते आहे.

म्हैसूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर कपिला नदीकाठी नंजनगूड आहे. कन्नडमध्ये 'नंजु' म्हणजे विष. ते प्यालेल्या नंजुंडेश्वराचे, म्हणजे श्रीकंठेश्वराचे, हे गाव. नातेवाइकांमुळे माझे तिथे जाणे-येणे असते. मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानामागे एक खोली आहे. तिच्यात दोन उभी लाकडी कॅबिनेटे आहेत, प्रत्येकाला दोन दांड्या आणि बटणांच्या रांगा. जुनी काचेची चित्रनळी जाऊन तिथे एलसीडी पडदा बसला आहे. आतला सर्किट बोर्ड जाऊन छोटा संगणक आला आहे, आणि त्यावर शेकडो खेळांची यादी. नाणे टाकायची फट तेवढी शाबूत आहे, पण ती पट्टी लावून बंद केलेली. पैसे अर्ध्या तासाचे द्यायचे. त्या वेळात कितीही मरा. नव्या 'रेट्रो' जागांमध्ये वेळेचे पैसे घेऊन अमर्याद खेळू देण्याची पद्धत रूढ होते आहे, त्याचेच हे धाकटे रूप. या लेखाचा विषय ही खोली आणि तिथे मी खेळलेले दोन खेळ : 'पॅक-मॅन' आणि आपल्याकडे ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणतात तो.

स्मरणरंजनाचा आवाज मला लागू पडत नाही, याचे कारण साधे आहे. माझे बालपण मिरजेत गेले. नव्वदच्या दशकात तिथल्या स्टँडजवळच्या पार्लरमध्ये मुलीने पाऊल टाकायचे नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हते. दारातून दिसायचा तो यंत्राचा बिननाण्याचा खेळ. कुणी खेळत नसताना यंत्र आपले आपणच खेळून दाखवते, गिऱ्हाइकाला बोलावते. याला 'अॅट्रॅक्ट मोड' म्हणतात. पुस्तकाच्या परिभाषेत बोलायचे तर हे मलपृष्ठ. माझ्या पिढीतल्या बहुतेक मुलींनी या वाङ्मयाचे फक्त मलपृष्ठ वाचले. त्यामुळे 'आपले बालपण परत मिळाले' असे कुणी लिहिले, की त्यातला 'आपले' हा शब्द मला थांबवतो. रेट्रोची पहिली समीक्षा या सर्वनामाची व्हायला हवी.

पण मुलींचा विचार या माध्यमात कधी झालाच नाही असेही नाही. नामको या जपानी कंपनीचे तोरू इवातानी यांनी १९८० साली 'पॅक-मॅन' घडवला, तो पार्लरमध्ये मुली आणि जोडपी यावीत या हेतूने. तेव्हा बहुतेक यंत्रांवर अवकाशयानांची मारामारी होती. इवातानींनी बंदूक बाजूला ठेवून खाण्याची क्रिया निवडली. नावसुद्धा त्याच क्रियेचे आहे. तोंड उघडझाप करत खाण्याला जपानीत 'पाकु-पाकु' म्हणतात. आपल्या 'गपागप'च्या जवळचा हा नादानुकारी शब्द. त्यावरून आधी 'पक-मॅन' झाले. अमेरिकेत पाठवताना मात्र शंका आली, की पहिल्या अक्षरावर कुणी खोडसाळपणे ओरखडा काढला तर यंत्रावर शिवी झळकेल. म्हणून 'पॅक-मॅन'. सीमा ओलांडताना नाव बदलले आणि आतले गपागप खाणे कुणाला ऐकू येईनासे झाले.

याहून मोठी हानी भुतांच्या नावांत झाली, आणि ती मला खेळता-खेळता कळली. चक्रव्यूहात चार भुते आपल्या मागे लागतात. जपानी आवृत्तीत त्यांच्या स्वभावांना नावे आहेत : ओइकाके म्हणजे पाठलाग, माचिबुसे म्हणजे दबा धरणे, किमागुरे म्हणजे लहरीपणा, ओतोबोके म्हणजे न कळल्याचे सोंग. ही नावे सजावटीसाठी नाहीत, ती भुतांच्या आज्ञावलीचे अचूक वर्णन करतात. लाल भूत थेट आपल्या जागेवर चालून येते. गुलाबी भूत आपण आहोत तिथे येत नाही. आपल्या तोंडासमोरच्या चार घरांपुढची जागा गाठू पाहते, म्हणजे खरोखरच दबा धरते. निळ्याचा नेम आपली जागा आणि लाल भुताची जागा या दोन्हींवरून ठरतो, म्हणून तो लहरी वाटतो. नारिंगी लांब असताना पाठलाग करते आणि आठ घरांच्या आत आले की पाठ फिरवून आपल्या कोपऱ्यात निघून जाते, जणू काही पाहिलेच नाही.

इंग्रजीत गुलाबी भुताला 'स्पीडी' म्हटले गेले. ते इतरांहून वेगवान नाही. नावावर विश्वास ठेवणारा खेळाडू त्याच्यापासून जोरात पळतो आणि पळता-पळता नेमका त्याच्या तोंडात जातो. कारण ते आधीच पुढे जाऊन उभे आहे. अनुवादाच्या वर्गात 'अर्थहानी' शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही : चुकीच्या प्रतिशब्दाने इथे वाचकाचा जीव जातो. मराठीत करायचे झाले तर मी पाठलाग्या, दबेकरी आणि लहरी ही तीन नावे घेईन. चौथ्यासाठी तर भाषेने वाक्प्रचार तयारच ठेवला आहे. आपले नारिंगी भूत वेड पांघरून पेडगावला जाते. श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव जपानी आज्ञावलीला इतके चपखल बसेल, असे खेळण्याआधी मला कुणी सांगितले असते तरी पटले नसते.

एक गोष्ट समीक्षकांनी फारशी विचारात घेतलेली नाही : या खेळांची एकच एक संहिता नसते. बोर्डावर बारीक खटके असतात. 'पॅक-मॅन'मध्ये त्यांनी ठरते की खेळाडूला एक, दोन, तीन की पाच जीव द्यायचे आणि किती गुणांवर जास्तीचा जीव मिळणार. म्हणजे दर पार्लरमध्ये एक पाठभेद, आणि मालक हा संपादक. पोथ्यांचे पाठभेद तपासणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. नंजनगूडच्या मालकाने पाच जीवांचा पाठ ठेवला आहे. तीन दिले की लहान मुले रडतात, असे त्याने मला सांगितले. संपादकीय भूमिका म्हणून ती समजण्यासारखी आहे.

संपादकाच्या या अधिकाराची कर्नाटकाला एकेकाळी मोठी धास्ती होती. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९५च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, की व्हिडिओ गेमच्या जागांवर पोलिसांनी परवान्याचे बंधन घालावे का. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर खल झाला. यंत्रात फेरफार करून खेळाडूची जिंकण्याची शक्यता मारता येते, हा मुद्दा आला, आणि नियमनाचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. तिथे मुख्य रोख जुगाराच्या यंत्रांवर होता, पण विचारलेला प्रश्न समीक्षेचाही आहे. हरलो ते माझ्यामुळे, की यंत्राने तसे ठरवले होते म्हणून? चांगल्या खेळात हरणाऱ्याला आपली चूक दिसते. 'पॅक-मॅन'मध्ये ती दर वेळी दिसते. भुते फासे टाकत नाहीत, ती आपापल्या स्वभावाने वागतात, आणि स्वभाव शिकता येतो. सहज आलेल्या खेळाडूला या खेळाने दिलेला हा मोठा मान आहे.

आता 'मुस्तफा'. खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मुळात मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराची 'झेनोझोइक टेल्स' ही चित्रकथा. तिच्यावरून दूरचित्रवाणीची मालिका झाली आणि हा खेळ झाला. नायक जॅक टेनरेक. त्याच्याबरोबर हॅना डंडी, मुस्तफा कैरो आणि मेस असे आणखी तिघे. डायनोसॉरांची चोरटी शिकार करणाऱ्या टोळीशी त्यांचा सामना. अमेरिकी कथा, जपानी यंत्र, आणि शीर्षकात अशी मोटार जी मिरजेच्या किंवा नंजनगूडच्या रस्त्यावर कुणी पाहिलेली नाही. आपल्याकडच्या मुलांनी शीर्षक सरळ काढून टाकले आणि खेळाला दुसऱ्याच पात्राचे नाव दिले. भारतभर, आणि पाकिस्तानातही, हा 'मुस्तफा गेम'. कुठल्या संपादकाने ठरवले नाही, कुठे छापून आले नाही, तरी सगळ्या भाषांत एकच नाव रुजले. माझ्या व्यवसायात शीर्षकाच्या अनुवादावरून महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो, म्हणून याचे मला विशेष वाटते.

मुस्तफाच का? तो चौघांत चपळ आहे, उडी मारून लाथ झाडतो, नवख्याला पटकन साधतो. हे खेळातले कारण. पण भाषेतलेही एक कारण असावे. टेनरेक आणि डंडी ही नावे तोंडात बसत नाहीत. मुस्तफा मात्र मिरजेत सतारमेकर गल्लीत राहणारा कुणीही असू शकत होता. पडद्यावरच्या परक्या जगात हेच एक नाव हाक मारण्याजोगे होते. बाबरी मशीद पडल्याच्या पुढच्या वर्षी निघालेल्या या खेळात सगळ्या जातिधर्मांची पोरे 'मी मुस्तफा, मी मुस्तफा' म्हणून भांडत होती, ही नोंद सांस्कृतिक इतिहासात कुठेतरी असायला हवी. यावरून सलोख्याची गोड कहाणी रचू नये. पार्लरच्या बाहेर आल्यावर काय होत होते ते आपल्याला ठाऊक आहे. तरी त्या चार भिंतींत नायकपद कुणाला द्यायचे हे लेखकाने ठरवलेले वाचकांनी बदलले, एवढे खरे.

हॅनाला मात्र ते मिळाले नाही. मी हट्टाने हॅना निवडली, तेव्हा शेजारी उभी असलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी कळवळून म्हणाली, "आंटी, मुस्तफा तगोळ्ळि." मुस्तफा घ्या. ती स्वतः मुस्तफाच घेत होती. पात्र स्त्री असले की स्त्री-वाचक त्याच्याशी एकरूप होईल, हे गृहीतक साहित्याच्या समीक्षेतही आपण फार सहज वापरतो. त्या मुलीला हॅनाच्या प्रतिनिधित्वापेक्षा मुस्तफाची लाथ हवी होती.

अमर्याद जिवांवर 'मुस्तफा' खेळून पाहिला तेव्हा या खोलीतली खरी अडचण समोर आली. खेळ आठ टप्प्यांचा आहे. अर्ध्या तासात मी निम्म्याहून पुढे गेले, कारण मेले की बटण दाबायचे आणि तिथेच उठायचे. कोण कुठून आला, कुणाला कसे चुकवायचे, काही शिकावे लागले नाही. टप्पे नुसते सरकत गेले. घरी आल्यावर त्यातले फार थोडे आठवले. उलट 'पॅक-मॅन'चा तीन मिनिटांचा एक डाव मी आजही वळणावळणाने सांगू शकते.

हा फरक समजून घ्यायला मला इंग्रजी परिभाषेची गरज पडली नाही. आपल्या कबड्डीचे पूर्वी तीन प्रकार होते. 'गामिनी'त बाद झालेला गडी, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक मेला की आपला एक जिवंत होतो. 'अमर'मध्ये गडी मेला तरी मैदानातच राहतो, पण दर वेळी गुण समोरच्याला जातो. मिरजेतली पोरे व्हिडिओ गेममध्ये 'मेलो', 'जिवंत झालो', 'एक जीव राहिला' असे सहज बोलत, कारण ही शब्दसंपदा मैदानातून आधीच आलेली होती. नाण्याचे यंत्र म्हणजे संजीवनी, फक्त तिथे जीव पैशाने मिळतो. दहा आकडे उलटे मोजत ते आपल्याला खिसा चाचपायला लावते. पट्टी लावून फट बंद केलेले यंत्र अमर वाटते, पण ते तसे नाही. अमर कबड्डीत मरणाचा हिशेब ठेवलेला असतो. इथे तो कुणीच ठेवत नाही. हिशेब गेला की घाबरण्यासारखे काही उरत नाही, आणि शिकण्यासारखेही.

मग जुन्या नाण्याकडे परत जायचे का? मला तसे म्हणवत नाही. नाणे हे लुटीचे साधन होते. शेवटच्या टप्प्यांची अवघड रचना अनेकदा कलेपेक्षा गल्ल्यासाठी केलेली असे. शिवाय नाणे कुणाच्या हातात खुळखुळायचे, हेही आठवले पाहिजे. घरातून मुलाला रुपया मिळे, मुलीला तो कशासाठी हवा हे सांगावे लागे. आता त्या खोलीत मुलगी उभी आहे, पैसे देते आहे आणि खेळते आहे. वेळेचा दर लावण्याने तिचे येणे सोपे झाले असेल, तर तो दर सहज मोडीत काढू नये.

उत्तर त्या मुलांकडेच होते. चौघांनी पैसे जमवून अर्धा तास घेतला होता. यंत्र जिवांची मोजदाद करत नव्हते, म्हणून त्यांनी ती आपापसात सुरू केली होती : एक जीव गेला की दांडी पुढच्याच्या हातात. कुणी चुकारपणा केला की बाकीचे ओरडत. मी त्यांच्यात घुसले तेव्हा मलाही तोच नियम लागला. "औट्, आंटी, बिडि." बाद झालात, सोडा. म्हणजे त्यांनी गामिनी लावली होती. मग पाहणाऱ्यांचे पाहणेही बदलले. पुढचा माझा डाव आहे म्हटल्यावर प्रत्येक जण पडद्यावरचे भूत कुठे वळते ते टिपून घेत होता. खेळाला पुन्हा प्रयोगाचे रूप आले, आणि तेही एक रुपया न वाढवता.

या अनुभवाने अनुवादाविषयीही मला काही सांगितले. जुना खेळ नव्या संगणकावर चालवणारी 'मेम' ही प्रणाली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ साली सुरू केली. जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा ती नव्या यंत्राला समजेल अशी करून देते; शब्दशः अनुवादाचे इतके निष्ठावान उदाहरण साहित्यात मिळणार नाही. तिची गरजही खरी आहे. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या काही बोर्डांवर बॅटरीच्या आधाराने एक किल्ली जपलेली असे. बॅटरी संपली की बोर्ड मुका. पोथीला कसर लागते तसेच हे. 'मुस्तफा' तर कंपनीने घरच्या यंत्रासाठी काढलाच नाही, त्यामुळे नव्या वाचकापर्यंत तो पोचतो तो अशाच अनधिकृत वाटांनी. शब्द न् शब्द वाचला, रंग वाचले, आवाज वाचला. निसटली ती वाचनाची अट : कुठे थांबायचे, कुणाला जागा द्यायची, हरण्याची किंमत काय. ही अट संहितेत लिहिलेली नव्हती, म्हणून प्रणालीला ती दिसली नाही. आम्ही अनुवादकही पुष्कळदा पुस्तक आणतो आणि ते जिथे वाचले जात होते तो ओटा तिथेच सोडून येतो.

म्हणून 'रेट्रो' जागांची पारख करताना कॅबिनेट अस्सल आहे का, चित्रनळी जुनी आहे का, यादीत किती खेळ आहेत, हे प्रश्न मी मागे ठेवीन. पहिला प्रश्न असा : इथे हरता येते का, आणि हरल्यावर दांडी कुणाला द्यावी लागते? नंजनगूडच्या खोलीला माझे गुण चांगले आहेत, पण ते यंत्रांना नव्हेत, भोवतीच्या मुलांना. मालकाला मी सुचवले, की अर्ध्या तासाऐवजी डाव विकून पाहा, पाच रुपयांना एक, आणि मरणाचा आकडा भिंतीवर लिहा. तो हसला आणि म्हणाला, मग तुमच्याकडून फार पैसे मिळतील. हिशेब बरोबर होता.